जिमखाना फी पोचली का, अध्यक्षमहाराज?

माननीय अध्यक्षमहाराज यांच्या सेवेशी,



आपलं आणि आपल्या संस्थेचं नाव या पत्रात लिहीत नाही. आपल्यासारखे शिक्षणमहर्षी पनवेल परिसरात एकटेदुकटे नाहीत, त्यामुळे पत्र ज्यांना लागू पडेल त्यांनी ते आपल्यालाच आलं आहे असं समजून ठेवून घ्यावं. मी कळंबोलीत राहतो. दिवसा लोखंड बाजारात एका गाळ्यावर हिशेब लिहितो आणि पहाटे वसाहतीतल्या मुलांना गोलंदाजी शिकवतो. आपल्या महाविद्यालयातली काही मुलं माझ्याकडे येतात. आपण त्यांच्यासाठी जे जे केलंत, त्याचे जाहीर आभार कुणीतरी मानायला हवे होते. ते काम मी अंगावर घेतलं आहे.

पहिले आभार मैदानाचे. सिडकोने वसाहती आखल्या तेव्हा शाळा-कॉलेजांच्या इमारतींबरोबर खेळाच्या जागाही आखल्या. आपल्याही वाट्याला एक मोकळी, सपाट जागा आली. तिची जी निगा आपण राखलीत तिला तोड नाही. फाटकाला कुलूप, कुलपापाशी राखणदार, आणि राखणदाराला सक्त ताकीद की पोरं आत शिरता कामा नयेत. लग्नसराई लागली की हेच फाटक सताड उघडतं. मांडव, हॅलोजन, बुफे, वरातीचा घोडा. लग्नं सरली की ग्राहक पेठ, ग्राहक पेठ उठली की कुणा दादांचा अभीष्टचिंतन सोहळा. जिथे खेळपट्टी असायला हवी तिथे मांडववाल्यांनी पहारीने खणलेले खड्डे आहेत. नवरदेव, घोडा, पापड-लोणच्यांचे स्टॉल आणि दादांचे कार्यकर्ते, साऱ्यांना आपल्या मैदानाचा लाभ झाला. खेळाडूंचा नंबर लागायचा आहे, पण तेही रांगेत उभे आहेत.

दुसरे आभार जिमखाना फीचे. प्रवेशाच्या पावतीवर हा रकाना दरवर्षी न चुकता छापलेला असतो. ज्याचा बाप कळंबोलीत ट्रकवर आहे तो मुलगाही ती भरतो आणि जिची आई चार घरची धुणीभांडी करते ती मुलगीही. त्या बदल्यात आपण जिमखान्याचं दालन दिलंत. तिथे एक कॅरम आहे, त्याची राणी हरवली आहे. एक कपाट आहे, त्याची किल्ली सरांकडे, आणि सर निवडणुकीच्या ड्यूटीवर. कपाटात काय आहे ते मुलांना ठाऊक नाही. पैसे कुठे गेले असं विचारण्याचा उद्धटपणा मी इतक्यात करणार नाही. पत्राच्या शेवटी करीन.

तिसरे आभार मानताना मात्र माझा हात जड होतो, कारण ते एका मुलाच्या वतीने आहेत. डावखुरा आहे, उंच आहे. नवा चेंडू त्याच्या हातून सुटला की आत येतो आणि फलंदाजाच्या पॅडवर आदळतो. आपल्याकडे वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची त्याने सारा पावसाळा वाट पाहिली. मुंबई विद्यापीठाच्या या सामन्यांत मुलगा दिसला तर विद्यापीठाच्या संघात जातो, तिथे दिसला तर पश्चिम विभागात, आणि त्या विभागात कुणीतरी निवड समितीचा माणूस बसलेला असतो. वाट अरुंद आहे, पण आहे. आपल्या कार्यालयातून संघाची प्रवेशिका पाठवायची राहून गेली. मुलगा विचारायला गेला तेव्हा त्याला फार प्रेमाने सांगण्यात आलं, ‘पुढच्या वर्षी बघू.’ वेगवान गोलंदाजाला एकोणिसाव्या वर्षी पुढचं वर्ष दिलंत, केवढी ही उदारता! त्याचं हे वर्ष परत कोण देणार, तेवढं कळवलंत तर त्याला सांगीन.

वार्षिक स्नेहसंमेलनात आपण व्यासपीठावरून विचारलंत, कॉलेजात क्रिकेट खेळून आजवर कुणाचं भलं झालंय? फार मोलाचा प्रश्न आहे. उत्तर सविस्तर देतो, कारण समोर बसलेल्या मुलांनी आपल्या प्रश्नाला टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्याचं मला वाईट वाटलं.

मडगावचा एक मुलगा मुंबईला आला आणि विल्सन कॉलेजात शिकू लागला. दिलीप सरदेसाई त्याचं नाव. विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया करंडकात त्याने 1959-60 च्या हंगामात 435 धावा केल्या. त्या बळावर त्याला भारतीय विद्यापीठांच्या संघात घेतलं गेलं आणि पुण्यात पाहुण्या पाकिस्तानी संघाविरुद्ध तो उतरला. त्या पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात त्याने 87 धावा काढल्या. कॉलेजातली पोरं पाकिस्तानशी खेळत होती, अध्यक्षमहाराज! डिसेंबर 1961 मध्ये कानपूरला इंग्लंडविरुद्ध तो कसोटी खेळला. त्या दिवशी त्याचा गोवा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. गोवा मुक्त व्हायच्या आधी गोव्याचा कॉलेजकुमार भारताच्या कसोटी संघात पोचला, आणि तो गेला विद्यापीठाच्या वाटेने.

अजित वाडेकरांना इंजिनिअर व्हायचं होतं. कॉलेजच्या संघात ते शिरले तेही बारावा खेळाडू म्हणून. याच रोहिंटन बारियात त्यांनी पुढे एका डावात 324 धावा काढल्या. सुनील गावसकर सेंट झेवियर्सचे. 1971 साली हे तिघे वेस्ट इंडिजला गेले. वाडेकर कप्तान. सरदेसाईंच्या 642 धावा, किंग्स्टनचं द्विशतक त्यात आलं. गावसकरांच्या चार कसोटींत 774. त्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. त्या विजयाचा पाया मुंबईच्या कॉलेजांनी घातला होता, आणि त्या काळी कॉलेजांच्या जिमखान्याची किल्ली हरवत नसे.

त्या मुलांच्या पोटापाण्याचं काय, हीही आपली काळजी मी ओळखून आहे. तेव्हा त्याचीही सोय होती. कॉलेज संपलं की चांगल्या खेळाडूला बँक, गिरणी, कारखाना बोलावून नोकरी देत असे. वाडेकर स्टेट बँकेत, सरदेसाई एसीसीत, गावसकर निर्लॉनमध्ये. टाइम्स शील्डमध्ये ही कार्यालयं एकमेकांशी लढत. शाळा, कॉलेज, विद्यापीठ, कार्यालय, रणजी, कसोटी अशी ती वाट होती आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर मुलाला कुणीतरी सांभाळून घेणारं होतं. मधला कॉलेजचा टप्पा ज्यांनी ज्यांनी निकामी केला, त्यांत आपला वाटा लहान नाही. विनय म्हणून आपण तो नाकाराल, पण मी नाकारू देणार नाही.

आता शाळा आहे आणि आयपीएल आहे, मधे मोठा खड्डा आहे. एकोणीस वर्षांखालचं क्रिकेट संपतं त्या दिवशी मुलगा घरी येतो आणि बाप विचारतो, पुढे काय? तेवीस वर्षांखालच्या संघात जागा मोजक्या. वेगवान गोलंदाजाचे खांदे आणि पाठ भरते ती याच चार वर्षांत. ज्याची उंची उशिरा वाढली, ज्याला चांगलं जेवण उशिरा मिळालं, ज्याला कुणी नीट शिकवणारा उशिरा भेटला, तो मुलगा एकोणिसाव्या वर्षी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. तो विसाव्या वर्षी कळतो, एकविसाव्या वर्षी कळतो. ही सगळी वर्षं तो तुमच्या कॉलेजात असतो. तुमच्या ताब्यात असतो.

अध्यक्षमहाराज, दोन डावखुऱ्या गोलंदाजांची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

पहिला श्रीरामपूरचा. इंजिनिअर व्हायला निघाला होता. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू गोलंदाज हो, असं सांगणारा बाप त्याला लाभला. त्याने पुस्तकं मिटली आणि चेंडू घेतला. झहीर खान. 311 कसोटी बळी, आणि 2011 च्या विश्वचषकात 21. हा खेळाडू आपल्याला मिळाला तो अभियांत्रिकीला गमावून.

दुसरा मालाडचा, सौरभ नेत्रावळकर. अंधेरीच्या सरदार पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत संगणक शिकत असताना 2010 साली न्यूझीलंडमध्ये एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक खेळला. के. एल. राहुल, जयदेव उनाडकट त्याच संघात होते आणि भारताकडून सर्वाधिक बळी त्याचे होते. 2013 साली मुंबईकडून तो रणजी खेळला, एकच सामना. पदवी हातात आल्यावर दोनेक वर्षं त्याने सगळं बाजूला ठेवून क्रिकेटला दिली. पुढचं दार उघडेना. 2015 साली तो अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकायला निघून गेला. जाताना गोलंदाजीचे बूटसुद्धा त्याने बरोबर घेतले नाहीत.

ते न घेतलेले बूट माझ्या डोक्यातून जात नाहीत. ज्या मुलाने विश्वचषकात देशासाठी नवा चेंडू टाकला, तो तेविसाव्या वर्षी बूट घरी ठेवून परदेशी जातो, कारण इथे त्याला सांगितलं गेलेलं असतं की दोन्हींतलं एक निवड. झहीरने एक निवडलं, सौरभने दुसरं. शिक्षण आणि खेळ यांत मुलाने एक निवडलंच पाहिजे, हा नियम कुठल्याही शास्त्रात लिहिलेला नाही. तुम्ही तो बनवलात. शेजारच्या कर्नाटकात अनिल कुंबळे इंजिनिअरिंगला असताना कसोटी खेळला. जवागल श्रीनाथ इंजिनिअर. तमिळनाडूचा रविचंद्रन अश्विन इंजिनिअर. तिथल्या कॉलेजांच्या छपरावर वीज कोसळली नाही आणि कुणाची मान्यताही गेली नाही.

आपल्याला परदेशी अभ्यासदौऱ्यांची आवड आहे म्हणून अमेरिकेचंही सांगतो. तिथे बेसबॉलला आपल्याकडच्या क्रिकेटसारखा मान आहे. शाळेत चमकलेल्या मुलाला व्यावसायिक क्लब अठराव्या वर्षी उचलू शकतात. पण तो चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झाला, की तिसरं वर्ष पुरं होईपर्यंत किंवा तो 21 वर्षांचा होईपर्यंत त्याला करारात ओढायची क्लबांना मनाई आहे. ती वर्षं कॉलेजची. कॉलेज त्याला शिष्यवृत्ती देतं, मैदान देतं, प्रशिक्षक देतं, वर्गात बसवतं आणि सामन्याला पाठवतं. कॉलेजांची अंतिम स्पर्धा 1950 पासून ओमाहा नावाच्या गावात भरते आणि तिला हजारो लोक तिकीट काढून जातात. मग जुलैत क्लब मुलं निवडतात, 30 क्लब, 20 फेऱ्या. निवडलेला मुलगाही एकदम वर जात नाही. रुकी, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए अशा पायऱ्या चढायच्या, रात्र रात्र बसने गावोगाव फिरायचं, तेव्हा कुठे मेजर लीग. बहुतेकांची वाट मधेच संपते, हे मी लपवत नाही. पण वाट कुठून कुठे जाते हे कळंबोलीएवढ्या गावातल्या मुलालाही ठाऊक असतं, आणि मधेच संपली तर तो अर्धवट शिकलेला राहत नाही.

पॉल स्कीन्स हे नाव लिहून ठेवा. शाळा संपली तेव्हा त्याला कुठल्याही क्लबने उचललं नव्हतं. तो हवाई दलाच्या अकादमीत गेला, तिथे दोन वर्षं चेंडू फेकायचा आणि कॅचर म्हणून झेलायचाही. मग लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला. 2023 साली त्या संघाने ओमाहाला विजेतेपद मिळवलं, आणि त्याच जुलैत पिट्सबर्ग पायरेट्सने सगळ्या देशातून पहिला म्हणून त्याला निवडलं, 92 लाख डॉलर देऊन. 11 मे 2024 रोजी तो मेजर लीगमध्ये उतरला, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2025 साली सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. अठराव्या वर्षी कुणाला नको असलेला मुलगा. तो तुमच्या कॉलेजात असता तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतंत? पुढच्या वर्षी बघू.

याच पिट्सबर्ग पायरेट्सने 2008 साली आपल्या देशातली दोन पोरं घेतली होती, रिंकू सिंह आणि दिनेश पटेल. दोघे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. बेसबॉल त्यांनी हातात धरला नव्हता. एका स्पर्धेत वेग मोजून त्यांना निवडलं, अमेरिकेत नेऊन शिकवलं आणि वर्षाच्या आत करार दिला. दोघेही खालच्या पायऱ्यांवरच थांबले, मेजर लीग त्यांना दिसली नाही. पण मला त्यातून एवढंच दिसतं की हात इकडेही आहेत. आपल्याकडे मोजणारा नसतो.

परत सौरभकडे येतो, कारण तुम्हाला त्याचा शेवट आवडेल. अमेरिकेत तो ओरॅकलमध्ये नोकरीला लागला. शुक्रवारी काम संपलं की सॅन फ्रान्सिस्कोहून सहा सहा तास गाडी हाकत लॉस एंजेलिसला जायचा, कारण खरी खेळपट्टी तिथे होती. असा खेळत खेळत तो अमेरिकेचा कप्तान झाला. 2023 साली तिथे मेजर लीग क्रिकेट सुरू झालं तेव्हा वॉशिंग्टन फ्रीडमकडून त्याने एका सामन्यात 9 धावांत 6 बळी घेतले. 2024 च्या हंगामात 15 बळी घेऊन तो त्या स्पर्धेत सर्वांत वर होता आणि त्याच्या संघाने अजिंक्यपद जिंकलं. कॉलेजातला मुलगा मेजर लीगमध्ये पोचला, अध्यक्षमहाराज. फक्त मालाडहून निघाला आणि वाट कॉर्नेलवरून गेली.

6 जून 2024. टेक्सासमधलं ग्रँड प्रेअरी. मूळचं ते बेसबॉलचं मैदान, तिथला क्लब बंद पडल्यावर ते क्रिकेटसाठी नव्याने बांधलं गेलं. तिथे कुणी मांडव घातला नाही. विश्वचषकात अमेरिका आणि पाकिस्तान बरोबरीत सुटले, सुपर ओव्हर आली, पाकिस्तानला 19 धावा हव्या होत्या आणि चेंडू आपल्या सौरभच्या हातात दिला गेला. त्याने तेरा दिल्या. चौदा वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात याच पाकिस्तानकडून तो भारतातर्फे हरला होता, आणि तेव्हाही समोर बाबर आझम होता. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवलं आणि मग रोहित शर्मालाही. रोहितचा झेल कुणी घेतला? हरमीत सिंगने. तोही मुंबईचाच, 2012 साली भारताला एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघातला. मुंबईत घडलेल्या दोन पोरांनी परक्या देशाच्या कपड्यांत भारताच्या मुंबईकर कप्तानाला बाद केलं. भारत जिंकला याचा मला आनंद झाला. पण तो झेल पाहताना छातीत जे तुटलं, ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र लिहितो आहे.

याबद्दल अमेरिकेच्या वतीनेही आभार मानतो. मुलं इथे वाढवायची, इथल्या आईबापांनी लोकलच्या गर्दीत किटबॅग सांभाळायची, इथल्या प्रशिक्षकांनी घसा फोडायचा, आणि मुलगा तयार झाला की त्याला अदबीने दार दाखवायचं. आता तर आपल्या उशालाच विमानतळ झाला, 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटनही झालं. पाठवणीचा खर्च वाचला.

मुलींबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. मुलींचा संघ का नाही असं एका विद्यार्थिनीने विचारलं तेव्हा तिला सांगितलं गेलं की मुलींना आवड नसते. 2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानात भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. तीनच दिवस आधी तिथेच जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा काढल्या होत्या. खांदेश्वरहून हार्बरच्या गाडीत बसलं की नेरूळ काही फार लांब नाही. ज्या मुलीला आवड नसते असं तुम्ही ठरवलंत, ती त्या रात्री मैदानाबाहेर तिरंगा घेऊन उभी होती. तिकीट मिळालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती माझ्याकडे आली, शेजारच्या भावाचे बूट घालून. आता रोज येते. तिचा हात सरळ आहे आणि ती प्रश्न फार विचारते, तेव्हा तुमच्या कार्यालयात पुन्हा येईलच.

अलीकडे तुम्ही मैदानाच्या एका कोपऱ्यात जाळी लावून हिरवं प्लॅस्टिक अंथरलंत, त्याचेही आभार. बॉक्स क्रिकेट, तासावर भाडं. तुमच्याच कॉलेजची मुलं तुमच्याच मैदानात खेळायला वर्गणी काढतात. रात्री साडेअकराचा तास जरा स्वस्त पडतो, म्हणून तो घेतात आणि सकाळच्या पहिल्या तासाला झोपतात. मग तुम्ही त्यांची हजेरी कापता. 75 टक्क्यांच्या बाबतीत तुमच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. विभागीय शिबिराला गेलेल्या मुलाची गैरहजेरी तुम्ही मांडता आणि दादांच्या सोहळ्यात खुर्च्या लावणाऱ्या मुलाला हजेरी देता. वही तपासून घ्या, मी खोटं बोलत नाही.

आणि तो फ्लेक्स! कुणी एखादा विद्यार्थी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या पायांनी कुठे पोचला, की दुसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स झळकतो. ‘आमच्या महाविद्यालयाचा अभिमान.’ वर तुमचा फोटो, शेजारी उपाध्यक्षांचा, मग सचिवांचा, आणि खाली एका कोपऱ्यात तो विद्यार्थी, ओळखपत्रावरचा फोटो ताणून मोठा केलेला. अभिमान जरूर बाळगा. पण एका मुलाने मला विचारलं, ‘सर, फ्लेक्सला खर्च किती येतो?’ मी सांगितलं. तो म्हणाला, ‘तेवढ्यात डझनभर लेदर बॉल आले असते.’

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंत ठेवू नये. या धोरणावर तुम्ही परिसंवाद भरवलात, शाली दिल्यात, स्मरणिका काढलीत. ती भिंत पाडायला पहार लागेल. मांडववाल्यांकडे आहे, मागून घ्या.

आता चार मागण्या. विनंत्या लिहिणार होतो, पण मुलांचं वय थांबत नाही. फाटक पहाटे साडेपाच ते आठ उघडं ठेवा, राखणदाराला मी चहा पाजतो. संघाच्या प्रवेशिका, मुलांच्या आणि मुलींच्याही, मुदतीच्या आत पाठवा आणि त्यांची पोच सूचनाफलकावर लावा. सामन्याच्या दिवशी अंतर्गत परीक्षा आली तर त्या मुलाची दुसऱ्या दिवशी घ्या. प्राध्यापकांची ना नाही, मी त्यांच्याशी बोललो आहे, ते तुमच्या सहीची वाट पाहतात. आणि जिमखाना फीचा जमाखर्चही त्याच फलकावर लावा.

हा जमाखर्च महिन्याभरात फलकावर दिसला नाही, तर संस्था अनुदानित असल्यामुळे मी माहितीच्या अधिकारात अर्ज करणार आहे. मसुदा लिहून झाला आहे, दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीटही आणून ठेवलं आहे. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेबच लिहितो, त्यामुळे आकडे वाचायला अडचण येणार नाही. अर्जातला पहिला प्रश्न असा आहे: गेल्या तीन शैक्षणिक वर्षांत जिमखाना फी म्हणून एकूण किती रक्कम जमा झाली आणि त्यातून किती चेंडू विकत घेतले, ते वर्षवार कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
कळंबोलीतला एक प्रशिक्षक